अर्धी दाढी

१२ जानेवारी

दादा,

पुडकं उघडण्याआधी हे पत्र वाच. नाहीतर वासावर भुलून वहिनी दोन्ही वड्या कपड्यांच्या कपाटात ठेवून देईल आणि माझी इतक्या महिन्यांची मेहनत तुझ्या सदऱ्यांना लागेल.

तो दाढीचा साबण आहे. जुन्या पद्धतीचा, ब्रशने घोटून फेस काढायचा. मी केलेला.

शाळेच्या प्रयोगशाळेतलं काम सोडल्याचं तुला उन्हाळ्यातच कळवलं होतं. त्यावर तू चार ओळी धाडल्यास, त्यातल्या तीन हवेबद्दल होत्या. म्हणजे तुला पटलं नव्हतं, एवढं मला कळलं. मीही मग गप्प बसले. पण हात गप्प बसेनात. मागच्या खोलीत स्टोव्ह, दोन पातेली, तराजू आणि लाकडी साचे घेऊन बसलेय. पहिला घाणा सुकताना चिरफळला. दुसरा एवढी आग करायचा की मनगटावर लाल चट्टा उठला. नंतरच्यांना फेसच धरेना. हा मात्र जमलाय असं वाटतं. वाटतं एवढंच म्हणते, कारण माझी पंचाईत अशी की मला दाढी नाही.

यांना विचारलं होतं. तुझे जावईबापू तुला माहीतच आहेत. घरोघरी फिरून पाण्याची मीटरं वाचतात, दिवसभर आकड्यांपलीकडे काही बोलत नाहीत आणि घरी आले की आकडेही बोलत नाहीत. म्हणाले, ‘मी बरा, माझी ट्यूब बरी.’ विषय संपला.

मग राहिलास तू. तुझ्या हाताखालून रोज इतक्या हनुवट्या जातात, त्यातली एखादी मला दे. आधी ब्रश गरम पाण्यात भिजू दे, मग झटकून वडीवर फिरव, वाटीत घे आणि थेंब थेंब पाणी घालत घोट. घाई करू नकोस. मला एवढंच कळव की फेस गालावर उभा राहतो का, वस्तरा अडतो का, आणि नंतर कातडी ओढल्यासारखी होते का. बहिणीचा साबण म्हणून गोड बोलू नकोस. इथला कोपऱ्यावरचा दुकानदार ठेवून घ्यायला तयार आहे, पण तो म्हणतो, आधी एखाद्या दाढी करणाऱ्या कारागिराचा शब्द आणा.

तुझी,
भिंगरी

२१ जानेवारी

भिंगरे,

वड्या पोचल्या. वहिनीने एक खरंच कपाटात ठेवली होती, तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा काढून दिली.

आता खरं सांगतो. तू काम सोडलंस तेव्हा मला राग आला होता. चांगली खुर्चीतली नोकरी सोडून ही पातेली कसली ढवळतेय, असं मनात आलं. पत्रात रागवायचं नव्हतं म्हणून हवेबद्दल लिहिलं. हवा तेव्हा होतीही वाईट.

पहिल्या दिवशी दुकान उघडण्याआधी मी स्वतःवरच प्रयोग केला. घाई करू नकोस म्हणालीस म्हणून नेमकी घाई केली. पाणी जास्त झालं आणि भांडी घासल्यावर उरतो तसला फेस हनुवटीवरून सदऱ्यावर उतरला. म्हटलं, झालं, बहिणीने नोकरी घालवली ती या गढूळ पाण्यासाठी. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र समोर उभं करून केलं. भिंगरे, काय सांगू. साय धरावी तसा फेस आला. गालावर लावला आणि दुकानाचं दार उघडून, झाडून, आरसा पुसून परत आलो, तरी जसाच्या तसा. वस्तरा गेला तो लोण्यातून जावा तसा गेला. इतकी वर्षं मी ट्यूबमधलं क्रीम लोकांच्या तोंडाला फासत आलो, त्याची मला थोडी लाजच वाटली.

खोड काढायची तर, वास जरा पुढे पुढे करतो. आणि वडी ओली झाली की हातातून माशासारखी निसटते.

गिऱ्हाइकांचं म्हणशील तर नवीन म्हटलं की सगळ्यांचे गाल दुखायला लागतात. शेजारचा शिंपी म्हणाला, आधी दुसऱ्या कुणाचं काय होतंय ते बघू. पण आमचे हॉर्नसाहेब बाकावर बसले होते. आठवतात ना? बस चालवून निवृत्त झालेले, दर शनिवारी येऊन खुर्ची करकरते, टॉवेल खरखरतो, आरशाला डाग आहे, अशी सगळ्याची तक्रार करणारे. मागे तू आली होतीस तेव्हा तुझ्या बांगड्यांच्या आवाजाचीही केली होती. ते म्हणाले, ‘माझ्यावर करा. चुकलं तर तोंडावर सांगणारा माणूस तुम्हाला दुसरा मिळायचा नाही.’

तर येता शनिवार ठरला. त्यांनी नावं ठेवली नाहीत तर समज की तुझा साबण जगात कुठेही चालेल.

दादा

२४ जानेवारी, शनिवार संध्याकाळ

भिंगरी,

हे बसून वाच.

हॉर्नसाहेब गेले. माझ्या खुर्चीत गेले. अर्धी दाढी झाली होती.

तुझ्याकडे फोन नाही ते एका परीने बरं. हे मला तोंडाने सांगता आलं नसतं. लिहितानाही अक्षर असं येतंय, बघतेस ना.

ते नेहमीसारखे आले. ठरल्याप्रमाणे तुझा साबण काढला. वाटीत घोटताना त्यांचं लक्ष होतं. फेस लावला, तेव्हा डोळे मिटून घेतले. मला बरं वाटलं, कारण हा माणूस माझ्या खुर्चीत कधी डोळे मिटत नाही, मी चुकतो का ते बघत असतो. उजवा गाल झाला. गळ्याची उजवी बाजू झाली. वस्तरा पुसून मी डावीकडे आलो आणि म्हणालो, ‘साहेब, मान जरा इकडे.’ मान वळली नाही. लोकांना डुलकी लागते खुर्चीत, नेहमीचंच आहे. मी बोटाने हनुवटी वळवली. ती वळली, पण कशी, ते मला सांगता येणार नाही. जिवंत माणसाची मान वळवताना ती थोडी आपल्याला विरोध करते. हे मला आजवर माहीत नव्हतं.

त्यांच्या नाकाखाली फेसाचा एक बुडबुडा होता. मी वस्तरा हातात धरून त्या बुडबुड्याकडे बघत राहिलो. तो हलेना.

मग मी शिंप्याला हाक मारली. मारली असावी, कारण तो आला. औषधाच्या दुकानातून कुणीतरी फोन केला. डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरलं, छातीला नळी लावली आणि घड्याळात बघितलं. दारात ही गर्दी. त्यातल्या एकाने विचारलं, ‘तोंडाला काय लावलं होतं?’ मी म्हणालो, ‘नवा साबण.’ खरं ते सांगितलं, आणि तेवढं कानावर पडताच दारातली माणसं एक पाऊल मागे सरली. मी खुर्चीजवळ उभा राहून बघितलं ते.

पोलीस आले. हवालदाराने वाटी, ब्रश आणि ओली वडी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. मला सगळं दोनदा विचारलं. नंतर गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर तुझा फेस सुकत चाललेला, तशातच नेलं. टॉवेल माझ्या खांद्यावर होता, भिंगरी. पुसायला पाहिजे होतं. कुणालाच सुचलं नाही, आणि ते काम माझं होतं.

तू त्यात काय काय घातलं होतंस, ते सगळं लिहून पाठव. काही वगळू नकोस. मी तुझ्यावर संशय घेत नाहीये, फक्त विचारतोय. या दोन्हींत फरक आहे, हे मला लिहिताना कळतंय. तुला वाचताना कळेल की नाही, माहीत नाही.

दादा

२९ जानेवारी

दादा,

मी उभ्यानेच वाचलं. जिन्यात. मग तिथेच पायरीवर बसले, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, चक्कर आली. काय सांगणार होते?

वेगळा कागद जोडलाय. त्यात वजनासकट सगळं आहे. खोबरेल, एरंडेल, कॉस्टिक, पांढरी माती, गवती चहाचं तेल. कॉस्टिक म्हटल्यावर पोलीस दचकतील, तर त्यांना सांग की साबण मुरला की ते उरत नाही, तेलाशी एकजीव होतं. मी पीएचच्या पट्टीवर तपासलं होतं. प्रयोगशाळेत एवढी वर्षं मुलांना तेच शिकवत आले. तपासलं होतं, दादा. पण आता विचारशील तर मी शपथेवर सांगू शकत नाही. हाताने केलेली गोष्ट आठवायला गेलं की ती केली होती की करायची ठरवली होती, तेच कळेनासं होतं.

पत्र वाचल्यावर मी त्याच घाण्यातली वडी घेतली, फेस केला आणि माझ्या गालांना, गळ्याला, कानांमागे लावून आरशासमोर बसले. सुकून कातडी ताणली गेली तरी उठले नाही. काही झालं नाही. मग वाटलं, मी ठणठणीत आहे, मला काय होणार. ते म्हातारे होते.

त्यांचं खरं नाव काय रे? आपण सगळे हॉर्नसाहेबच म्हणत आलो. त्यांच्या बायकोला पत्र लिहायला घेतलं, तर मायना कुणाच्या नावाने करायचा तेच कळेना. आणि पुढे तरी काय लिहायचं? तुमच्या यजमानांना जो साबण लावला होता तो माझा होता?

तुझ्याकडे दुसरी वडी असेल. ती टाकून दे. नको, टाकली तर कुणीतरी उचलेल. पुरून टाक. पण ती पुन्हा कुणाच्याही, कुणाच्याही तोंडाला लावू नकोस. मला वचन दे.

यांनी तुझं पत्र वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं, घडी घातली, ‘बरं’ म्हणाले आणि कामावर गेले. एवढंच. माझ्याशी भांडले असते तरी चाललं असतं.

तुझी,
भिंगरी

५ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझा कागद पोलिसांना नेऊन दिला. हवालदाराने तो मोठ्याने वाचला आणि ‘गवती चहा’शी येऊन थांबला. म्हणाला, हे पितात ना? मी म्हटलं, हो. त्याने खाली रेघ मारली. डॉक्टरांचा अहवाल यायचाय.

दुकानाचं काय सांगू. लोक दारापर्यंत येतात, आत डोकावतात, खुर्चीकडे बघतात आणि काहीतरी आठवल्यासारखं करून पुढे जातात. पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात रांग असते. जे येतात ते आधीच सांगतात, ‘दाढी नको, फक्त केस.’ परवा शिंपी मुद्दाम येऊन बसला, माझी भीड मोडावी म्हणून. ट्यूबचं क्रीम लावलं. पण गळ्याशी आलो आणि हात असा थरथरला की त्याला कापलं. त्याने कापूस दाबून धरला आणि मलाच धीर देत बसला. इतक्या वर्षांत माझ्या हातून कुणाचं रक्त निघालं नव्हतं. आता दाढीचं काम मी बंदच ठेवलंय.

त्यांच्या घरचं सगळं उरकलं. मी जाऊन आलो. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

वडीची काळजी करू नकोस. ती आता माझ्याकडे नाही.

दादा

१८ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, पुढचं काही आलं नाही. रोज टपालवाला दारावरून गेला की वाटतं, अहवाल आलाय आणि तुला तो मला सांगवत नाहीये. तसं असेल तर सांग. मला कळून चुकलंय असं समजूनच मी सगळं केलंय.

तू वडीची वासलात लावलीस ते बरं केलंस. मीही लावली. मागच्या खोलीतल्या सगळ्या वड्या घराच्या पाठीमागे खड्डा करून त्यात टाकल्या. साचे पलीकडच्या सुताराला देऊन टाकले, तो म्हणाला, लाकूड चांगलं आहे. पातेली घासून घासून हात सोलले. शाळेत जाऊन आले, पण माझ्या जागी दुसरी मुलगी लागलीय. ती माझ्याशी इतकं चांगलं बोलली की मला तिथून पळून यावंसं वाटलं.

हे सगळं तुला सांगायचं म्हणून लिहायला बसले नव्हते. काल सकाळी जे झालं ते सांगायचंय.

मी दूध तापवत होते. न्हाणीघराचं दार नीट लागलं नव्हतं. आत हे उभे होते, आरशासमोर, आणि कानापासून कानापर्यंत पांढराशुभ्र फेस. ट्यूबचा फेस कसा असतो ते मला माहीत आहे, तो विरघळायला लागतो. हा उभा होता. आणि मला वास आला. ‘पुसा ते,’ मी म्हणाले. किती मोठ्याने म्हणाले माहीत नाही, पण खालून कुणीतरी विचारलं काय झालं. यांनी आरशातूनच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘थांब. बोललो तर कापेल.’

आणि दाढी करत राहिले. मी चौकट धरून उभी. आता हा माणूस पडेल, आता पडेल. दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी मी हलले नाही. त्यांनी सावकाश दोन्ही गाल केले, गळा केला, चूळ भरली, तोंड धुतलं, पुसलं. मग म्हणाले, ‘तुझ्या दादाचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज करतोय. काही व्हायचं असतं तर एव्हाना झालं असतं.’

रोज करत होते. मी इकडे वड्या मोजून खड्ड्यात टाकत होते आणि एक कमी भरली तेव्हा वाटलं, माझंच मोजायला चुकलं. सगळ्या घरालाच त्या साबणाचा वास होता, म्हणून यांच्या गालाचा मला कधी वेगळा कळला नाही. मी तिथे ओल्या फरशीवरच बसले. तेही बसले शेजारी. म्हणाले, ‘वास जरा कमी चालेल.’

लग्नाला इतकी वर्षं झाली. या माणसाने माझ्या कुठल्याच गोष्टीला कधी चांगलं म्हटलं नाही, की वाईटही नाही. हे जे केलं त्याला काय म्हणायचं, ते मला अजून कळलेलं नाही. काल दिवसभर मी त्यांच्याकडे चोरून बघत होते. भीतीने बघत होते की कशाने, तेही सांगता यायचं नाही.

तू लवकर लिही. काहीही असलं तरी लिही.

तुझी,
भिंगरी

२ मार्च

भिंगरी,

अहवाल आला. हृदयाची नस बंद पडली होती. दोन बाजूंनी आधीच बुजत आली होती म्हणे, डॉक्टर म्हणाले, जिना चढताना गेले असते, झोपेत गेले असते. साबणाचा कशाशीच संबंध नाही. हवालदार स्वतः वाटी आणि ब्रश परत घेऊन आला, त्याच वर्तमानपत्रात. साबण मात्र तपासणीत संपला म्हणाला. त्याच्या गालाला गवती चहाचा वास येत होता.

आता तुझ्याशी जे बोललो नव्हतो ते बोलतो. वडीची वासलात लावली, असं मी लिहिलं नव्हतं. माझ्याकडे नाही, एवढंच लिहिलं होतं. तू वचन मागितलंस तेव्हा ते मोडून झालं होतं. तुला कसं सांगणार होतो?

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांचा मुलगा दुकानाशी आला. दार बंद होतं, मी आत बसलो होतो. त्याने काचेवर हात आपटला. तो मारायलाच आलाय असं मी धरून चाललो आणि दार उघडलं. तो म्हणाला, ‘आईने बोलावलंय. सामान घेऊन या.’

त्यांना घरी आणलं होतं. दोन खोल्या, वरचा मजला, खिडकीशी पलंग. डाव्या गालावरचा फेस कुणीतरी ओल्या फडक्याने पुसला होता, पण खुंट तसेच होते. आणि उजवा गाल, माझ्या हातचा, लखलखीत. भिंगरी, एकाच चेहऱ्यावर एक बाजू सणाला निघालेली आणि एक आजारी, असं दिसत होतं. बाई पलंगाजवळ स्टुलावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, ‘यांना असं अर्धवट कुठे पाठवू मी? दाराबाहेर पडायच्या आधी तीनदा आरसा बघणारा माणूस.’

मी ट्यूब काढली. त्यांनी विचारलं, ‘या बाजूला काय लावलं होतं?’

मी म्हणालो, ‘माझ्या बहिणीने केलेला साबण.’

‘मग तोच लावा. एका चेहऱ्याला दोन वास नकोत.’

मुलगा दारातून पुढे आला. ‘आई, त्यानेच तर...’

बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, ‘आता त्यांना आणखी काय व्हायचंय?’

दुसरी वडी मी खिशात का घेतली होती, ते मला विचारू नकोस. दुकानात ठेवून निघायला भीती वाटली, एवढं खरं. बाईंनी पाणी गरम करून आणलं. मी फेस केला. पहिला ब्रश लावला तेव्हा बोटांना गाल थंड लागला, आणि मी हात मागे घेतला. बाईंनी माझ्या कोपराला हात लावला, बाळाला चालवताना लावतात तसा, आणि तो पुढे केला. मग मी डावा गाल केला. गळा केला. नाकाखालचं सगळ्यात शेवटी केलं. बाईंनी वडी नाकाशी नेऊन बघितली आणि म्हणाल्या, ‘मला नाही आवडला हा वास.’ वडी परत वाटीशी ठेवत म्हणाल्या, ‘त्यांना आवडला होता?’

मी म्हणालो, ‘डोळे मिटले होते त्यांनी.’

त्यांनी दोन्ही तळहातांनी त्यांचे दोन्ही गाल धरले. बराच वेळ धरले. मग मला म्हणाल्या, ‘ही इथेच राहू दे.’ वडी मी तिथे ठेवून आलो. घरी येऊन मोरीशी बसून ब्रश कितीतरी वेळ धूत राहिलो. हे वहिनीलाही माहीत नाही.

तुझं १८ तारखेचं पत्र मी चारदा वाचलं. जावईबापूंना माझा नमस्कार सांग. मी त्यांना आजवर जरा कमीच समजत आलो. आणि सुताराकडे जाऊन साचे परत माग. त्याने त्यांचं काही बनवलं असेल तर नवे करून घे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सांग, कारागिराने शब्द दिलाय.

आता परवाचं. शनिवार होता. दुकानात दोन माणसं केस कापायला थांबली होती. दारात तो मुलगा आला. एकटाच. तो सरळ आत आला आणि त्याच खुर्चीत बसला. मी कापड गळ्याशी बांधलं. मग त्याने खिशातून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. तुझी वडी होती, अर्धी झिजलेली; बाईंनी ती हात धुवायला वापरली असावी. म्हणाला, ‘आई म्हणते, वापरून संपवा. घरात नको वास तो.’ मी विचारलं, ‘दाढी?’ त्याने मान डोलावली.

बाकावरची दोघं उठून उभी राहिली. मी वाटीत घोटायला लागलो. पंचेचाळीशीचा माणूस, बापासारखीच रुंद हनुवटी, आणि बापासारखाच डोळे उघडे ठेवून बसलेला. गळ्याशी वस्तरा नेला तेव्हा माझा हात कसा होता ते मी बघितलंच नाही, मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो. निम्मी झाल्यावर तो म्हणाला, ‘बाबा शेवटचं काय बोलले?’

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. पोलिसांनीही नाही, बाईंनीही नाही. मनात आलं, याच्याबद्दल काहीतरी बोलले असं सांगावं. कुणाला कळणार होतं? पण तोंडातून खरं तेच आलं. मी म्हणालो, ‘माझी तक्रार करत होते. म्हणाले, मागच्या वेळी तुम्ही डावा कल्ला वर नेलात, आज दोन्ही सारखे करा.’

माझा वस्तरा हवेतच. आरशात बघितलं तर त्याचे खांदे हलत होते, आणि हसतोय की रडतोय ते मला कळेना. फेसाखाली ते कळतही नाही. मी टॉवेल घेऊन उभा राहिलो. या खेपेला टॉवेल हातात होता.

त्याने तो घेतला, डोळे पुसले, परत दिला आणि मान खुर्चीच्या टेक्याला टेकवली.

‘मग माझेही सारखे करा,’ म्हणाला.

दादा